आपल्या मनाचा आकडा कुठून आला?

'हार्वर्डने सिद्ध केलं आहे' असे सुरू होणारे मेसेज रमजानमध्ये आपल्या ग्रुपवर दुपटीने येतात. सजद्यात गेलं की डिप्रेशन जातं, रोज्याने मेंदू नवा होतो, अमुक सूरह ऐकली की झोपेच्या गोळ्या सुटतात. दुसऱ्या बाजूला इन्स्टाग्रामवरचे 'एक्स्पर्ट' आहेत. त्यांच्या मते आपल्यातल्या निम्म्यांना ट्रॉमा आहे आणि उरलेल्यांना तो असल्याचं माहीत नाही. या दोघांत एक गोष्ट सारखी असते. कोणी, कुठल्या वर्षी, किती माणसांना, काय विचारून हे ठरवलं, त्याचा पत्ताच नसतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मानसशास्त्र शिकलेलो नाही. पण आमच्या कामात स्क्रीनवर एखादा विचित्र आकडा दिसला की पहिला प्रश्न असतो, हा आला कुठून? मनाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला आपण कचरतो, कारण विचारणारा लगेच एक तर दीनविरोधी ठरतो किंवा मागासलेला. नमाजने ज्याच्या मनाला शांती मिळते त्याला ती मिळतेच, त्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठाचा दाखला लागत नाही. पण संशोधनाचं नाव घेतलं की मग संशोधनाचे नियम लागू होतात.

सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आकड्यापासून सुरुवात करू. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं, ३४,८०२ प्रौढ माणसं. पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते, असं त्यातून दिसलं. काम मोठं आणि मेहनतीचं आहे, अहवाल मोफत वाचता येतो. आता त्या १२ राज्यांची नावं वाचा: पंजाब, उत्तर प्रदेश, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, आसाम, मणिपूर, केरळ, तामिळनाडू.

महाराष्ट्र त्यात नाही. म्हणजे 'राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात इतके टक्के' असं कोणी २०१६ चा हवाला देऊन म्हणालं, तर तो आकडा त्या सर्वेक्षणातला असूच शकत नाही. मग 'महाराष्ट्रातल्या मुसलमान तरुणांमध्ये इतके टक्के' हा तर त्याहून पुढचा मजला, पायाच नसलेल्या इमारतीचा.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१७ साली भारतात १९.७३ कोटी लोकांना, म्हणजे सातपैकी एकाला, मानसिक आजार होता. एक म्हणतो दहापैकी एक, दुसरा म्हणतो सातपैकी एक. कोणी तरी खोटं बोलतंय का? नाही. पहिल्याने घरोघरी जाऊन प्रौढांना प्रश्न विचारले. दुसऱ्याने मिळेल ती सगळी माहिती गोळा करून गणिती अंदाज बांधला, त्यात मुलं धरली, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमही धरले. मोजपट्टी वेगळी म्हणून आकडा वेगळा. बातमीत मात्र फक्त आकडा येतो.

एक नाजूक आकडाही घ्यावाच लागेल, कारण तो आपल्यात अभिमानाने फिरवला जातो. २०१४ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, म्हणजे एनसीआरबीने, आत्महत्यांची नोंद धर्मानुसारही घेतली होती. ती वार्षिक अहवालात छापली नाही, नंतर माहिती अधिकारातून बाहेर आली. दर लाखामागे ख्रिश्चनांमध्ये १७.४, हिंदूंमध्ये ११.३, मुसलमानांमध्ये ७. यावरून 'बघा, ईमानवाला आत्महत्या करत नाही' असा निष्कर्ष काढणारी तकरीर तुम्हीही ऐकली असेल.

हा आकडा कुठून आला? पोलीस ठाण्यातून. पंचनाम्यात आत्महत्या असं लिहिलं गेलं तरच ती मोजली जाते. २०१६ साली एनसीआरबीच्या दफ्तरी देशभरात १,३१,००८ आत्महत्या होत्या. त्याच वर्षासाठी 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मधल्या अभ्यासाचा अंदाज होता २,३०,३१४. मधले जवळजवळ एक लाख मृत्यू अपघात, पोटदुखी, 'औषध चुकून पिलं' अशा नावाखाली गेले असणार. लपवालपवी सगळेच करतात. पण ज्या घरात जनाजा कोण पढवणार, लोक काय म्हणतील, याचीही धास्ती असते तिथे ती किती होत असेल? ७ हा आकडा खरोखर कमी असेलही. पण ईमानाचं माप म्हणून तो वापरता येत नाही, कारण त्याने मोजली आहे ती पोलिसांपर्यंत पोचलेली गोष्ट.

उलट टोकाचंही ऐका. २०२१ मध्ये 'जामा सायकिअॅट्री'त आलेल्या एका छोट्या अभ्यासात ७.९ टक्के मुसलमानांनी आयुष्यात कधी तरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. कॅथलिकांमध्ये हे प्रमाण ६.१ टक्के, प्रोटेस्टंटांमध्ये ५.१. नियतकालिक नावाजलेलं, पद्धत दिलेली. पण ते मुसलमान अमेरिकेतले. तिथलं स्थलांतर, तिथला द्वेष, तिथलं एकटेपण वेगळं आहे. मिरजेच्या किंवा लोणी स्टेशनच्या पोराबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. (हे वाचताना तुमच्या स्वतःच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात असले विचार घोळत असतील, तर संशोधन नंतर वाचा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.)

'छापून आलंय म्हणजे खरं' या समजुतीवरचा सर्वांत चांगला धडा आपल्या पुण्यातलाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची भली मोठी यादी काढली. प्राध्यापकांच्या बढत्या आणि पीएच.डी. त्यावर अवलंबून. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांची तपासणी केली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी निकाल छापला: तपासलेल्या १,००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरली नाहीत. कुठे पत्ता खोटा, कुठे संपादक मंडळ नावापुरतं, कुठे पैसे भरले की लेख हजर. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली आणि नवी, गाळलेली यादी करण्याचं काम पुणे विद्यापीठाकडे आलं. तीच यूजीसी-केअर. चांगल्या नियतकालिकाच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळणारेही तेव्हा सापडले. ऑनलाइन फसवणुकीत मुरलेल्या आमच्यासारख्यांनाही त्या नकला पाहून कौतुक वाटावं अशा.

२०२५ मध्ये यूजीसीने ही केअर यादीही बंद केली. आता कसोट्या सुचवल्या आहेत, पारखायचं ज्याचं त्याने. म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीनेसुद्धा.

आणि नियतकालिक अस्सल असलं तरी काम संपत नाही. फॉर्मच्या तळाऐवजी वरच सही घेतली की लोक कमी खोटं बोलतात, असा शोध २०१२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. पुढे लेखकांनीच पुन्हा प्रयोग केला तर परिणाम दिसेना, आणि २०२१ मध्ये त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट असल्याचं उघड होऊन लेख मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा लेख! मानसशास्त्रात हे एकच प्रकरण नाही. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने गाजलेल्या नियतकालिकांतले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. मला यात मानसशास्त्राची नाचक्की दिसत नाही. आपली चूक आपणच मोजून जाहीर करणारं क्षेत्र आहे हे. आपल्या किती जमातींनी आणि किती कंपन्यांनी असा ताळेबंद मांडलाय?

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. आमच्या लोणी काळभोरमध्ये, हायवेवरच्या टँकरच्या रांगांच्या मागे जी वस्ती आहे तिथली एक मुलगी हडपसरच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करते. तिच्या खालाला वुजू करायला पाऊण तास लागतो. हात धुऊन झाले की वाटतं राहिले, पुन्हा पहिल्यापासून. नमाजची नियत बांधली की वाटतं चुकली, पुन्हा. घरचे म्हणतात शैतानी वसवसा आहे, तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं. मुलीने प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला आणि एआय चॅटबॉटला विचारलं. त्याने पाच संशोधन लेखांची नावं दिली, लेखकांसकट, वर्षासकट. "भाई, यातले तीन सापडतच नाहीत," म्हणाली. सापडणार कुठून, ते नव्हतेच. ही यंत्रं पुढचा शब्द कुठला शोभेल ते ठरवतात, त्यामुळे संदर्भही शोभेलसा तयार करतात. अशा यादीतल्या प्रत्येक लेखाचा डीओआय क्रमांक शोधा, तो उघडून लेख समोर आला तरच तो आहे असं माना. आणि त्यात लिहिलंय तेच यंत्राने सांगितलं का, हे त्यानंतर.

तिची खरी अडचण वेगळी होती. 'वसवसा' टाकून गूगलवर शोधलं तर फक्त बयान सापडतात. संशोधनाच्या जगात त्याला ओसीडी म्हणतात, आणि त्यातल्या धार्मिक शंकांच्या प्रकाराला 'स्क्रुप्युलॉसिटी'. हा एक शब्द मिळाला आणि दार उघडलं. तो शब्द पबमेडवर इंग्रजीत टाका, डावीकडे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' आणि 'फ्री फुल टेक्स्ट' या दोन खुणा करा. एकेका प्रयोगापेक्षा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा आधी वाचावा. कॉक्रेनचे आढावे त्यासाठीच असतात, त्यांचे सोप्या भाषेतले सारांश मोफत आहेत. 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' पूर्ण मोफत आहे आणि त्यात ओसीडीवर भारतीय डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये आली आहेत. मिशिगनहून निघणारं 'जर्नल ऑफ मुस्लिम मेंटल हेल्थ' हेही खुलं आहे.

लेखाला कुलूप असेल तर? केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ पासून सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकं, पण सरकारी संस्थांसाठी. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि आपली बरीच मुलं नेमकी तिथेच शिकतात. अशा वेळी ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' टाका, लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे, मराठीतलेही तिथे मिळतात, मात्र दर्जा आपला आपण पारखायचा. मराठीत समजून घ्यायचं असेल तर ठाण्याच्या आयपीएचचे यूट्यूबवरचे व्हिडिओ चांगले आहेत. ते समजावणं आहे, मूळ संशोधन नाही. हा फरक लक्षात ठेवला की झालं.

तर त्या मुलीला काय मिळालं? ज्या कृतीची ओढ होते ती न करता अस्वस्थता सोसायला हळूहळू शिकवणारी एक उपचारपद्धत आहे, काही औषधं आहेत, दोन्हींना भक्कम आधार आहे. आणि आणखी एक लेख मिळाला. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी वसवशाचं केलेलं वर्णन आजच्या ओसीडीच्या निकषांशी ताडून पाहणारा लेख 'जर्नल ऑफ अफेक्टिव्ह डिसऑर्डर्स'मध्ये २०१५ मध्ये आला आहे. 'सगळी थेरपी मुसलमानांनीच शोधली' असे जे मेसेज फिरतात त्यांच्या मुळाशी हे आहे. मेसेज फुगवलेला, पण मूळ खरं. खालाला इंग्रजी लेखाचं काही वाटलं नाही. बल्खीचं ऐकून मात्र ती ससूनच्या मानसोपचार ओपीडीत यायला तयार झाली.

दर्ग्याचा विषय टाळून हे लिहिता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर दर्गा म्हणजे अंधश्रद्धा आणि साखळी असं समीकरण झालं. दुसरीकडे दर्ग्याचे भक्त २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात: तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहिलेल्या मनोरुग्णांची लक्षणं औषधाशिवाय जवळपास २० टक्क्यांनी कमी झाली. (मंदिराचा अभ्यास आपल्या सोयीने दर्ग्यालाही चालतो, हे एक बरं.) अभ्यास अस्सल आहे आणि मोफत आहे. पण त्यात माणसं किती? ३१. तुलनेसाठी दुसरा गट? नाही. घरापासून दूर, शांत जागी, सोबत माणसं असताना आपोआप किती बरं वाटलं असतं, ते त्यातून कळत नाही. साखळ्यांचं समर्थन तर त्यातून मुळीच निघत नाही.

महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर अभ्यास आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासोबत लिहिलेला लेख २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. मनाच्या जखमांतून सावरण्यात महाराष्ट्रातल्या दर्ग्यांची जागा काय, हाच त्याचा विषय. दर्ग्याच्या बाजूने किंवा विरोधात घसा कोरडा करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या एकानेही तो वाचलेला नाही. इंग्रजीत आहे, मराठीत कोणी आणला नाही. तो मराठीत आणणं हे या नियतकालिकाच्या वाचकांपैकी दोघाचौघांचं एका महिन्याचं काम आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि डॉक्टर मिळून 'दवा आणि दुआ' हा प्रयोग चालवतात, तोही या संदर्भात वाचण्यासारखा.

आपल्या भागात चांगलं संशोधन होत नाही असं मात्र नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्यामार्फत डिप्रेशनबद्दल बोलणं, ओळखणं, पुढे पाठवणं. डिप्रेशन असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आलं. इथेही तोच चष्मा लावा: तुलनेला वेगळी गावं नव्हती, आधी आणि नंतर एवढंच मोजलं. गोव्यात 'संगाथ'ने ते पाऊलही उचललं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डिप्रेशनचे ४९५ रुग्ण, जवळजवळ चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला नेहमीच्या उपचारासोबत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के डिप्रेशनच्या रेषेखाली आले, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. माझ्या मते आपल्या मोहल्ल्यांसाठी यापेक्षा उपयोगी पुरावा दुसरा नाही.

ती रेषा ठरते 'पीएचक्यू-९' नावाच्या नऊ प्रश्नांवरून. हा फॉर्म मोफत आहे, मराठीतही आहे. १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे जावं, एवढाच त्याचा अर्थ, निदान नव्हे. पण त्यातली मराठी छापील आहे. आपल्या घरात बायका 'मला निराश वाटतं' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात दिल घबराता, जी नई लगता, हात-पाव में जान नई. फॉर्म भरून घेणाऱ्याला हे शब्द माहीत नसतील तर अशी बाई निरोगी ठरते आणि मोजणीत येतच नाही.

त्या मुलीने प्रोजेक्टच्या शेवटी आता हेच जोडायचं ठरवलंय. दुपारी गल्लीतल्या बायका रिकाम्या झाल्या की ती वही घेऊन जाते आणि विचारते, मन ठीक नसलं की तुम्ही कुठल्या शब्दात सांगता. परवापर्यंत अकरा शब्द झाले होते, त्यातले चार मीही पहिल्यांदाच ऐकले.